खरा ठोका, खोटा ठोका

आमच्या घरी कॅलरीमीटर म्हटलं की सगळ्यांना डाएट आठवतं. मी ज्याच्यासाठी बोर्ड तयार करते तो कॅलरीमीटर मात्र जेवणाचा नव्हे. तो सूक्ष्म कणांची ऊर्जा मोजतो.

जीनिव्हाजवळ सर्नच्या एलएचसी यंत्रात प्रोटॉनचे पुंजके दर 25 नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे 4 कोटी वेळा, समोरासमोर येतात. तिथल्या सीएमएस प्रयोगाच्या मधल्या पिंपात लेड टंगस्टेटचे 61,200 स्फटिक आहेत. लोखंडाहून जड, पण काचेसारखे नितळ! फोटॉन आत शिरला की स्फटिक क्षणभर उजळतो आणि मागचा डायोड त्या उजेडाची वीज करतो. 2012 मध्ये हिग्ज कण सापडला, त्यात या स्फटिकांचा मोठा वाटा होता. (याच कॅलरीमीटरच्या टोकाकडचे काही सिलिकॉन सेन्सर आपल्या बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनले. हे सांगताना मला उगीचच ऐट येते.)

दुखणं वेगळंच आहे. कधी एखादा कण स्फटिक सोडून थेट डायोडवर आदळतो. उजेड नसतोच, वीज मात्र उसळते. आतापर्यंतच्या रचनेत 4 कोटींतल्या फार तर 1 लाख घटना पुढे जातात, आणि ते काही मायक्रोसेकंदांत ठरतं. खोटा ठोका रांगेत घुसला तर खऱ्याची जागा गेली. सुटलेली घटना पुन्हा मिळत नाही.

धारवाडच्या मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "खरे यावदु, सुळ्ळ यावदु, हेंग तिळीतद?" खरं कुठलं, खोटं कुठलं, कळतं कसं? अगदी नेमका प्रश्न!

आई खानापूरचं मडकं वाजवून घेते. तडा असेल तर आवाज खट्कन तुटतो. चांगलं भाजलेलं घुमत राहतं. इथंही तसंच. खऱ्या उजेडाचा ठोका शेपूट सोडत विझतो, खोटा लगेच संपतो. जुन्या बोर्डांत ठोका पसरट होई आणि 25 नॅनोसेकंदांत मोजणी एकदाच, त्यामुळे हा फरक पुसट व्हायचा. नव्या रचनेत तेवढ्याच वेळात चार मोजण्या, सेकंदाला 16 कोटी.

वर्षानुवर्षांच्या किरणोत्सर्गानं डायोडांची खरखर वाढते, म्हणून तापमानही 18 अंशांवरून 9 वर आणायचं आहे. त्यासाठी प्रत्येकी 1,700 स्फटिकांच्या 36 पेट्या एकेक करून बाहेर ओढायच्या, बोर्ड बदलायचे, पुन्हा बसवायच्या. स्फटिक तेच राहणार.