सातव्या घराचं नाव

गेल्या पौषात रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठी आत्याच्या पडवीत बसलो, फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पहिला प्रश्न विचारला, “आत्या, आपली खार कुठल्या साली बांधली?”

ही आत्या खरं तर माझ्या वडिलांची आत्या. पेणच्या खारेपाटातून लग्न होऊन इकडे आली. वय नव्वदीच्या आसपास असावं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “सालबिल मना काय ठाव, बाला? उधानानं नेला, मंग परत बांदला. परत नेला, परत बांदला. तू जेवलास का?”

ते रेकॉर्डिंग चार मिनिटांचं आहे. त्यापुढे काय विचारायचं ते मला सुचलंच नाही. घरून तेवीस प्रश्न लिहून नेले होते आणि प्रत्येक प्रश्न ‘कधी’ने सुरू होत होता.

मी लेखक नाही, इतिहास शिकलेलो नाही. पनवेलला एका गोदामात हिशेब लिहितो. वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी सातबारा काढला, तिथून हे सुरू झालं. त्यावर गट नंबर होता, क्षेत्र होतं, आकार होता आणि अकरा नावं होती. वर एका कोपऱ्यात छापलेलं होतं, ‘शेताचे स्थानिक नाव’. त्यापुढे काहीच नव्हतं. आमच्या घरात या शेताला गट नंबरने कुणीच ओळखत नाही. आम्ही त्याला ‘सातघरी’ म्हणतो. वडील म्हणायचे, आजोबा म्हणायचे. सातघरी का, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारायला घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून आत्याकडे गेलो.

खारेपाट ज्यांनी पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. पेण शहराच्या पश्चिमेला, धरमतर खाडीपर्यंत, वाशी, वढाव, शिर्की या बाजूला जी सपाट भातजमीन दिसते ती निसर्गाने दिलेली नाही. तिथे खाजण होतं. भरतीला पाण्याखाली जाणारा चिखल आणि तिवरांचं रान. माणसांनी त्याभोवती मातीचा बांध घातला, खाडी बाहेर ठेवली आणि आत शेत केलं, तीच खार. बांध घालायचा तो भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरती कमी चढते. मिळालेल्या तेवढ्या दिवसांत चिखल कापायचा, हातोहात पुढे द्यायचा, थरावर थर तुडवायचा. पुढची अमावास्या किंवा पौर्णिमा आली की उधाण त्याची परीक्षा घेणार. पाणी बाहेर काढायला उघाडी ठेवायची. तिचं लाकडी दार असं बसवतात की ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ते उघडतं आणि भरतीला बाहेरच्या रेट्याने आपोआप मिटतं. एवढं करून लगेच पीक नाहीच. दोन-तीन पावसाळे मातीतलं मीठ धुऊन निघेपर्यंत थांबायचं. आणि नंतर कधी बांधाला खांड पडली, खारं पाणी आत शिरलं, की पुन्हा तेवढे पावसाळे वाट बघायची. चिंबोरीने केलेलं एक बीळसुद्धा खांड पडायला पुरतं.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पण हे काम माझ्याच कुणीतरी पहिल्यांदा केलं, त्या माणसाला नाव होतं, तो त्या चिखलात उभा असताना पुढचं पीक निघेपर्यंत काय खात होता, हा विचार मनात कधी आला नव्हता. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली विनोबांचा जन्म झाला, रोह्यात १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले, हे आम्हाला ठाऊक असतं आणि असायलाच हवं. पण ज्या जमिनीवर उभे राहून आम्ही ते शिकलो ती जमीन कुणी केली, हे कुणी विचारत नाही.

आत्याकडून हात हलवत परतलो आणि कागदांकडे वळलो. मला वाटलं, कागद खोटं बोलत नाहीत. जुने फेरफार मागितले. काही मिळाले, काही जीर्ण म्हणून हाती लागले नाहीत. सगळ्यात जुने कागद मोडीत होते आणि मला मोडीचं एक अक्षर येत नाही. ते कागद पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्यात कदाचित पणजोबांचं नाव असेल, मी त्यावर बोट ठेवून बसलो असेन आणि तरी ते मला वाचता येत नाही. पुढे एका मोडी जाणकारांनी दोन संध्याकाळ घालवून मला ते वाचून दिले. त्यांचे पाय धरावेसे वाटले.

त्या कागदांनी मात्र गोंधळ आणखी वाढवला. कुळकायद्यानंतरचा फेरफार सांगत होता की आजोबांनी ही जमीन मालकाकडून विकत घेतली. कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा, त्यानंतर कलम बत्तीस ग खाली ठरलेली किंमत, तिचे हप्ते, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. म्हणजे आम्ही कुळं होतो, मालक दुसराच होता. मग घरात ‘आपली खार, आपण बांधलेली’ असं कसं म्हणत होते? आजोबा खोटं बोलत होते का? हा प्रश्न घेऊन मी आठ-दहा दिवस अस्वस्थ होतो.

उत्तराचा एक धागा १८८३ साली छापलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये मिळाला. (आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ साली मिळालं.) पेणच्या बाजूच्या खारजमिनींना शिलोत्री जमिनी म्हणत. काही खारी शिलोत्रीदाराच्या असत. बांधाची निगा त्याने राखायची आणि त्याबद्दल कसणाऱ्यांकडून बिघ्यामागे एक मण धान्य घ्यायचं, असा रिवाज. पण दुसरा एक प्रकारही होता, तो कुळारग. यात कसणाऱ्या कुळांनीच एकत्र येऊन खार काढलेली असे. हे वाचलं तेव्हा ‘सातघरी’ शब्द पहिल्यांदा मला उलगडल्यासारखा वाटला. सात घरांनी मिळून काढलेली खार. आमच्याकडे आजही बांधाच्या कामाला घरटी माणूस जातो, त्या पद्धतीला जोळ म्हणतात. हे जोळ कुठून आलं तेही लक्षात आलं.

पण वाटणं वेगळं आणि कळणं वेगळं. सात हा आकडा गोष्टींमध्ये फार सहज येतो. आपल्या शेजारच्या बेने इस्रायल लोकांचंच बघा. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, त्यांचा हा वंश. आमच्या भागातले जुने लोक त्यांना शनवार तेली म्हणत, कारण ते घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. पेणमध्ये त्यांचं सिनेगॉग आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांच्यातली आडनावं. ही माणसं इस्रायलला गेली तरी गाव आडनावात घेऊन गेली. त्यांच्यातल्या हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून काढला, तो पुस्तकरूपाने छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. चाळीस वर्षं ते हस्तलिखित कुणीतरी सांभाळलं. मूठभर लोक, पण त्यांनी आपलं सांगणं कागदावर उतरवलं. आम्ही आगरी इतके सारे, आणि आमच्या खारींचं सांगणं म्हाताऱ्यांच्या तोंडात राहिलं. त्या पुस्तकाची माहिती मिळाली त्या दिवशी ठरवलं की अर्ध्यावर सोडायचं नाही.

माघात आत्याला गाडीत घालून पेणला आणलं. मुद्दाम अष्टमी धरली, कारण पाणी कमी असतं आणि बांधावर चालता येतं. प्रश्नांची यादी घरीच ठेवली. बांधावर पाय ठेवताच ती बोलायला लागली. पडवीत जिला एक साल आठवत नव्हतं, ती दर पन्नास पावलांवर थांबून एक हकिगत सांगत होती. इथं खांड पडली तेव्हा आज्यानं रातभर आडवं पडून पाणी थोपवलं. इथली उघाडी पहिली सागाची होती. या कोपऱ्यात रहू टाकायचे, म्हणजे मोड आलेलं भात, कारण इथलं मीठ आधी उतरायचं. इथं बाप मला खांद्यावर घेऊन बसायचा. चालत्या माणसाच्या बरोबर मी फोन धरून चालत होतो आणि मला एवढंच समजत होतं की महिनाभर मी चुकीचा शब्द वापरत होतो. ‘कधी’ नाही, ‘कुठे’ असं विचारायचं असतं.

बत्तीस ग चं कोडंही तिथंच सुटलं. आत्या म्हणाली, सात घरांनी खार काढली ती खरी. मग एका साली मोठी खांड पडली. तीन वर्षं दाणा नाही. खांड भरायची तर माणसांना खायला द्यायला हवं, म्हणून सावकाराकडून भात उचललं. ते भात फिटलं नाही. खार त्याच्या नावावर गेली आणि सात घरं आपल्याच खारीत कुळं झाली. “मंग तुझ्या आज्यानं पैसं भरून परत घेतलान,” ती म्हणाली. “आपलाच बांद, आपनच इकत घेतला.” म्हणजे कागदही खोटा नव्हता आणि आजोबाही खोटे नव्हते. कागदाने फक्त शेवटचा व्यवहार लिहून ठेवला होता.

मी तिथेच बांधावर बसलो. रडू आलं, ते लपवलं नाही.

पण तिच्या शब्दावर सगळं सोडून द्यायचं नव्हतं. ही गोष्ट कुठे ना कुठे कागदाशी जुळते का ते पाहायचं होतं. ती म्हणाली होती, “मोठ्या खांडीनंतर दुसऱ्या साली मानमोडी आली, तवा माज्या आज्याची आई गेली.” मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, गाव नमुना चौदा, तिची नक्कल मागितली. १९१८ च्या पानांवर आमच्या आडनावाची मृत्यूनोंद होती. नाव नव्हतं, ‘अमक्याची बायको’ एवढंच. वय आणि कारण, ताप. म्हणजे मोठी खांड साधारण १९१७ ची, आणि खार त्याच्या आधी काढलेली. किती आधी, ते अजून धरता आलेलं नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेला आलेल्या कुटुंबांच्या पिढ्यांच्या वह्या असतात. तिथे पुढच्या महिन्यात जाणार आहे.

आता सात घरांचं. बांधावरून परतताना आत्याला बोटांवर मोजायला लावलं. सहा घरं तिने पटापट सांगितली. कर्त्या पुरुषांची नावं, कुणाचा वंश गावात आहे, कुणाचा खंडला. एक घर तर रोहा तालुक्यात कुंडलिकेच्या खारीवर गेलं होतं, आणि त्याच ओळखीने पुढे आत्याचं लग्न तिकडे जमलं. सातवं बोट मात्र तसंच धरून राहिली. मग म्हणाली, “ती बाई व्हती. नवरा मेलेला. जोलीला येवढाएवढा चिखल उचलायची, बाप्याच्या बरोबरीनं. तिला अख्खा वाटा दिलान.” नाव काय? आत्याला आठवेना. तिच्या आजीने सांगितलं होतं, पण ‘सातवीवाली’ म्हणूनच सगळे ओळखायचे.

सातवं घर गोष्टीतला आकडा भरायला आलं असेल, ही शंका त्या क्षणी माझ्या मनातून गेली. गोष्ट रचणाऱ्याने सातव्या जागी विधवा बाई आणून तिला अख्खा वाटा दिला नसता. मोडी कागदांत ती नाही, सातबाऱ्यात नाही. कोतवाल बुकात असली तरी कुणाची तरी बायको म्हणूनच असणार. एवढा मोठा बांध जिच्या हातांनी उचलला तिचं नाव कुठेच नाही, ही मला आमच्या सगळ्यांची चूक वाटते, फक्त सरकारी दप्तराची नव्हे. आम्ही तिच्या वाट्याचं भात तीन-चार पिढ्या खाल्लं.

मी आता दोनशे पानी वही घातली आहे. डाव्या पानावर आत्याचं सांगणं तिच्याच बोलीत, एकही शब्द न सुधारता. उजव्या पानावर कागद काय म्हणतो ते, तारखेसकट. दोन्ही जुळले तर खूण, जुळले नाहीत तर दोन्ही तसेच ठेवायचे. सात घरांसाठी सात पानं. सातव्या पानावर वरची ओळ रिकामी आहे.

पेण-रोह्याच्या खारेपाटातल्या वाचकांना हात जोडून विनंती आहे. तुमचा सातबारा काढा आणि ‘शेताचे स्थानिक नाव’ या रकान्यात काय आहे ते बघा. रिकामा असेल तर येत्या अष्टमीला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बांधावर घेऊन जा आणि चालता चालता विचारा. आणि वाशी-वढावकडच्या एखाद्या घरात, खार काढताना पुरुषांच्या बरोबरीने चिखल वाहणाऱ्या, अख्खा वाटा मिळालेल्या विधवेची गोष्ट कुणी सांगत असेल, तर तिचं नाव मला कळवा.