शक्तिमानचा फोटो

अब्बा गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी आम्ही दोघा भावांनी उघडली. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या आणि तळाशी तो फोटो. आजोबा एका ट्रकपुढे उभे आहेत. अंगात खाकी सदरा, डोक्यावर टोपी, एक हात मडगार्डवर. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पण मधोमध घडीची पांढरी रेघ तशीच राहिलेली.

या फोटोची गोष्ट आम्ही दर ईदला ऐकत आलो. लष्करासाठी शक्तिमान बनवायचं ठरलं, तेव्हा त्याचा पहिला नमुना तपासणीसाठी नगरला आला आणि तो शिरूरपर्यंत चालवून दाखवला आमच्या आजोबांनी! खोटं वाटायचं कारणच नव्हतं. लष्करी वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था नगरलाच. फाळणीच्या वर्षी, १९४७ साली, ती रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून तिथं आली. आमचं शिरूर पुणे-नगर रस्त्यावरचं. घोडनदीच्या पुलावरून जाणाऱ्या हिरव्या गाड्या लहानपणी आम्हीही मोजल्या आहेत.

धाकट्याचं गॅरेज आहे. फोटो मोठा करून भिंतीवर लावावा म्हणून त्यानं भिंग घेतलं. बराच वेळ बघून म्हणाला, "भाई, हा शक्तिमान नाही."

नमुन्याची गाडी ओळखणं मोठं फसवं काम. तिच्यावर अनेकदा कंपनीचं नाव नसतं, दिवे दुसऱ्याच गाडीचे असतात, पुढची जाळी नंतर बदलते. त्यामुळे नाव नसलेला कुठलाही जुना ट्रक नमुना वाटू शकतो. आमच्या ट्रकवरही नाव दिसत नव्हतं. लष्करी गाडीच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण असतो. पण त्या पाटीपुढे नेमके आजोबाच उभे!

मग जे सहज बदलत नाही ते आम्ही बघू लागलो. शक्तिमान हा मूळचा जर्मनीच्या मान कंपनीचा ट्रक. करार करून १९५९ पासून तो जबलपूरला बनू लागला. त्याचं बॉनेट लांब, पुढं आलेलं. आमच्या फोटोतल्या ट्रकचं नाक बसकं. समोरच्या काचेची दोन्ही तावदानं वरच्या बाजूनं पुढं झुकलेली. जाळी शंकरपाळ्यांसारखी. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेल्या लष्करी शेवरलेटची ही खूण. त्याच धाटणीच्या फोर्डची जाळी चौकोनी असायची. असे ट्रक तिथं लाखोंनी बनले. हिंदुस्थानातही आले आणि लढाई संपल्यावर डिस्पोजलच्या लिलावात निघाले.

फोटोची दुसरी प्रत दौंडला फुफीकडे होती. रविवारी न्हावरे, पारगाव, चौफुला करत दौंड गाठलं. फुफीची प्रत पुठ्ठ्यावर नव्हती. मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं : १९५१. म्हणजे शक्तिमानच्या आठ वर्षं आधी.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. ऐंशीला टेकलेल्या बाईला काय सांगायचं? तिच्या वडिलांची ती गोष्ट होती. शेवटी तीच म्हणाली, "शक्तिमान नाही ना तो?"

"फुफी, तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, एका शेठनं लिलावात घेतला होता. अब्बाजी त्याच्यावर ड्रायव्हर. कांदा भरून मुंबईला जायचे. फौजेत ते कधी गेलेच नाहीत."

"मग अब्बा आम्हाला..."

फुफीनं चहाचा कप खाली ठेवला. "पासष्टची लढाई चालू होती. तुमचा बाप बारा वर्षांचा. वर्गातली पोरं त्याला रोज विचारायची, तू कुणाच्या बाजूचा? एक दिवस रडत घरी आला. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा फोटो काढला, घडी घालून पुस्तकात ठेवला आणि शाळेत गेला. सांगितलं, हा माझा बाप, हा फौजेचा ट्रक. मग कुणी विचारलं नाही. शक्तिमान वगैरे नंतर जोडलं त्यानं."

"आजोबांना कळलं?"

"कळलं तर. अम्मी मारायला उठली होती. अब्बाजी म्हणाले, राहू दे, ट्रक फौजेचाच आहे. पोरगं खोटं कुठं बोललं?"

परतीच्या वाटेवर आम्ही फारसं बोललो नाही. जाळी बघितली, काच बघितली. ती घडी मात्र नुसती खराबी समजून सोडून दिली होती. बारा वर्षांच्या पोराला वर्गात बसण्यासाठी बापाचा फोटो दाखवावा लागला, हे अब्बांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. त्याऐवजी शक्तिमान सांगितला.

घरी आल्यावर धाकट्यानं पुठ्ठ्यामागं लिहिलं : शेवरलेट, डिस्पोजलचा, १९५१. पेन माझ्याकडे दिलं. आम्ही दोघांनी विचार करून खाली आणखी एक ओळ घातली : हा फोटो १९६५ साली एकदा शाळेत गेला होता.