काचेचा दोष आणि श्रेयाचा प्रश्न

२००९ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा चार्ल्स काओ यांना मिळाला, तेव्हा आपल्याकडे प्रथम उमटली ती अन्यायाची भावना: नरिंदरसिंग कपानी यांना डावलले! वर्गात श्रेयाची चर्चा निघाली की हे उदाहरण देण्याचा मोह आम्हांलाही होतो. परंतु ते जरा तपासून पाहावे.

कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा पलीकडे नेली; १९५४ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांचे हे श्रेय वादातीत आहे. मात्र त्यातला प्रवास हातभर अंतराचा होता. साठच्या दशकातील काचतंतूत वीस मीटरनंतर प्रकाशाचा जेमतेम शंभरावा भाग उरे, आणि हा काचेचा स्वभावच, असे बहुतेक जाणकार धरून चालले होते. इंग्लंडमधील हार्लो येथील प्रयोगशाळेत काओ यांनी प्रश्नच बदलला: हा दोष काचेचा की काचेतल्या मळाचा? जॉर्ज हॉकम यांच्यासह १९६६ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी मांडले, की लोहासारखी अशुद्धद्रव्ये काढली तर एक किलोमीटरनंतरही शंभरावा भाग उरू शकेल, आणि संदेशवहनास तेवढा पुरेसा आहे. तशी काच तेव्हा कुठेच नव्हती! पुढची काही वर्षे ते देशोदेशीच्या काचउत्पादकांची मने वळवीत हिंडले. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तसा तंतू करून दाखविला. (एखाद्या वृत्तातील दहा रद्दड कविता वाचून ते वृत्तच बाद ठरविणारे समीक्षक आम्ही पाहिले आहेत. माध्यमाची मर्यादा कोणती आणि हाताळणीतला गाळ कोणता, हे निवडणे सोपे नसते.)

तेव्हा कपानींचा मान राखूनही निवड समितीचा निर्णय आम्हांला योग्य वाटतो. हॉकम यांचे नाव राहिले, याची चुटपुट मात्र लागते.

स्टॉकहोमला काओ गेले तेव्हा अल्झायमरने त्यांची स्मृती व वाचा क्षीण झाली होती. सोहळ्यात पारितोषिक घेण्यासाठी त्यांना पुढे जावे लागले नाही. स्वीडनचे राजेच त्यांच्यापर्यंत चालत आले. नोबेल व्याख्यान दिले ते पत्नी ग्वेन यांनी. त्याही अभियंता. नोबेलच्या दप्तरी ते व्याख्यान चार्ल्स काओ यांच्या नावावर आहे. सादरकर्त्या म्हणून ग्वेन यांची नोंद आहे. कपानींऐवजी हल्ली आम्ही वर्गापुढे हेच ठेवतो आणि विचारतो, या संहितेचा लेखक कोण? तास संपतो, मुले भांडत राहतात.