पाणी, तेल आणि पेट्रोलची लाइन

माझ्या विमानात माझदा मोटारीचं इंजिन आहे असं कळलं, की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आणि वर गेल्यावर बंद पडलं तर?" कळंबला गेलो की तिथं हाच प्रश्न, टेक्सासमध्ये शेजारपाजारी हाच प्रश्न. एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबचा. माझ्या लहानपणी जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान. मांजरेच्या पट्ट्यातली विहिरींवरची इंजिनं बैलगाडीत घालून यायची. "इंजिनच गेलं हो," म्हणत शेतकरी हताश होऊन बसायचा. अण्णा पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघायचे : थंड करणारं पाणी फिरतंय का, तेल पोचतंय का, डिझेलच्या लाइनीत हवा आहे का. बहुतेक वेळा रोग त्या तिन्हींपैकी एकात सापडायचा आणि हेड खोलायची पाळीच यायची नाही. तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल शिकलो, नोकरीनिमित्त अमेरिकेत आलो, पण इंजिनाकडे बघायची नजर दुकानातलीच राहिली.

अमेरिकेत स्वतःच्या हातानं विमान बांधणं हा कायद्यानं मान्य केलेला छंद आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असलं, की ते विमान 'एक्सपेरिमेंटल' गटात नोंदवता येतं. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये अशा लोकांची संघटना सुरू केली. तिचा ऑशकॉशचा मेळावा आज जगभरच्या विमानवेड्यांची वारी आहे. मी घेतलं ते व्हॅन्स कंपनीचं 'आरव्ही-७' : शेजारी शेजारी बसायच्या दोन जागा, ॲल्युमिनियमचा सांगाडा, हजारो रिवेट. या कंपनीच्या किटमधून उडालेली विमानं दहा हजारांहून अधिक आहेत. त्यामुळे पंख, शेपटी, सांगाडा यांत मला काही शोध लावायचा नव्हता. नकाशाप्रमाणे भोक पाडा, कडा घासा, रिवेट ठोका. गॅरेजमध्ये संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी हे काम चाललं.

अशा विमानात सहसा लायकमिंगचं हवेनं थंड होणारं, चार सिलिंडरचं इंजिन बसवतात. ते उत्तम आहे, पण नवं घ्यायचं तर किंमत भल्याभल्यांना घाम फोडते. मी वळलो माझदाच्या '१३बी' या रोटरी इंजिनाकडे. फेलिक्स वँकेल या जर्मन माणसाची ही कल्पना. एनएसयू कंपनीत १९५७ साली पहिलं इंजिन फिरलं आणि १९६७ पासून माझदानं दोन रोटरचं इंजिन मोटारीत घालून विकलं. यात पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व नाही. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखं, मधे किंचित आवळलेलं घर, आणि त्यात फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर. तो फिरताना त्याच्या तीन बाजू आणि घराची भिंत यांच्यामधली जागा लहान-मोठी होत राहते. हवा ओढणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं त्याच जागांमध्ये उरकतं. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे तीन होतात. १३बीची क्षमता १३०८ सीसी आणि प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग. विमानाला दुहेरी इग्निशन लागतंच, इथं ती सोय मुळातच आहे.

अण्णांना फोनवर हे समजावताना त्यांनी विचारलं, "व्हॉल्व नाही म्हणतोस, मग टॅपेट कशाचं सेट करायचं?" कशाचंच नाही, असं सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "मग बिघडतं काय त्याच्यात?"

हाच खरा प्रश्न होता. रोटरच्या टोकांवर पट्ट्या असतात, ॲपेक्स सील. त्या झिजतात, इंजिन फार तापलं तर तुटतात. पण एखादी तुटली तरी ताकद घटते आणि इंजिन बऱ्याचदा फिरत राहतं. पिस्टन धरून बसावा तसं ते सहसा एका झटक्यात धरत नाही. फ्लोरिडाच्या ट्रेसी क्रुक यांनी आरव्ही-४ मध्ये रोटरी बसवून वर्षानुवर्षं उडवली आणि आमच्यासारख्यांना वाट दाखवली. त्या वाटेवरून गेलेल्यांचा अनुभव साधारण एकच : इंजिनाचा गाभा टिकतो, भोवतालच्या जोडण्या दगा देतात. मोटारीतलं इंजिन विमानात आणताना त्या जोडण्या कंपनी देत नाही, त्या आपणच बांधायच्या असतात.

पहिली जोडणी पंख्याची. हे इंजिन ताकद देतं ते मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास. तेवढ्या वेगानं पंखा फिरवला तर त्याची टोकं ध्वनीच्या वेगापलीकडे जातील, कानठळ्या बसतील आणि ओढ मिळणार नाही. म्हणून मधे २.८५ ला १ असा रिडक्शन गिअरबॉक्स. इंजिन सहा हजारांवर, पंखा एकवीसशेवर.

दुसरी जोडणी थंड करण्याची, आणि सर्वांत जास्त रात्री तिनंच खाल्ल्या. रोटर आतून तेलानं थंड होतो, त्यामुळे बाहेर टाकायच्या उष्णतेतला जवळपास तिसरा हिस्सा एकट्या तेलाकडे असतो. म्हणजे पाण्याच्या रेडिएटरइतकंच लक्ष ऑइल कूलरकडे हवं. रेडिएटर म्हणून मी जुन्या गाड्यांच्या एसीचे कोअर वापरले, या छंदातली ही रुळलेली युक्ती आहे. टेक्सासच्या उन्हात धावपट्टीवर नुसतं पळवून बघितलं तरी तेलाचा काटा चढत जायचा. मोठा कूलर लावून फरक पडला नाही. कूलरच्या तोंडाशी हवा अडत होती आणि मागून तिला बाहेर पडायला वाट नव्हती. आत येणारी वाट हळूहळू रुंद होत जाणारी केली, मागची वाट मोकळी केली, फटी बुजवल्या, तेव्हा त्याच कूलरनं काम केलं.

तिसरी पेट्रोलची. गरम इंजिन बंद करून थोड्या वेळानं पुन्हा चालू केलं की ते अडखळायचं, गुदमरायचं. अण्णांना इंजिनाचा आवाज ऐकवला. ते म्हणाले, "लाइन हवा धरायलीय. पंप वर कशाला टांगलास? खाली टाकीपाशी आण." पंपाचं ढकलणं जोराचं, ओढणं कमजोर. वरच्या तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होत होती. पंप खाली आणले, जादाचं पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी टाकली आणि ती खोड गेली. पंप दोन आहेत आणि बॅटऱ्याही दोन, कारण या इंजिनाचं इग्निशन आणि इंजेक्शन दोन्ही विजेवर चालतं. वीज गेली की इंजिन गेलं.

तपासणी होऊन परवाना मिळाला तरी पहिले ४० तास चाचणीचे. विमानासाठी प्रमाणित झालेलं इंजिन-पंखा असता तर २५ तासांत भागलं असतं. ठरवून दिलेल्या भागातच उडायचं, प्रवासी घ्यायचा नाही.

पहिलं उड्डाण गार सकाळी केलं. थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला, शेपटी उचलली गेली आणि विमान माझ्या अपेक्षेआधीच जमीन सोडून वर आलं. विमानतळाच्या डोक्यावरच घिरट्या घालत चढलो, इंजिन थांबलं तर तरंगत धावपट्टीवर उतरता यावं म्हणून. बाहेर बघायला फारसं सुचलं नाही. डोळे तेल, पाणी आणि पेट्रोलचा दाब या तीन काट्यांवर. चढताना तेल तापत गेलं, नाक खाली करून सपाट झालो, ताकद कमी केली आणि काटा मागे आला. मग लक्षात आलं की थरथर जवळजवळ नाहीच. गुडघ्यावरच्या पाटीला अडकवलेली पेन्सिल निवांत पडून होती. आवाजाचं मात्र कौतुक करता येणार नाही. एक्झॉस्ट भयंकर तापतो, साध्या सायलेन्सरच्या आतल्या पट्ट्या टिकत नाहीत, आणि मी उतरल्यावर हँगरमधले मित्र अभिनंदनाआधी कान चोळत होते.

चाचणीचे तास संपल्यावर अण्णा आले तेव्हा त्यांना शेजारी बसवलं. खाली कापसाची रानं होती. ते बराच वेळ काटेच बघत बसले. उतरल्यावर म्हणाले, "चांगलं चालतंय. होजपाइप दर वर्षी बदलत जा."

हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नका. धाराशिवच्या शेजारी अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, 'व्हीआरडीई' ही संरक्षण संशोधन संस्था आहे. तिनं बंगळूरच्या एनएएल आणि एडीई या संस्थांबरोबर ५५ अश्वशक्तीचं वँकेल इंजिन तयार केलं. एप्रिल २००९ मध्ये कोलारजवळ 'निशांत' हे मानवरहित विमान त्या इंजिनावर उडालं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. बांधणीइतकीच चिकाटी त्यांना कागदपत्रांसाठी लागली.

खर्चाचं खरं सांगतो. इंजिन स्वस्तात आलं, पण गिअरबॉक्स, रेडिएटर, नळ्या, वायरिंग आणि वेळ धरला तर बचत बरीच आटते. लवकर उडायचं असेल त्यानं तयार प्रमाणित इंजिन घ्यावं. रोटरी त्यानंच घ्यावी, ज्याला उडण्याइतकंच जोडण्यातही सुख आहे.

आणि वर बंद पडलं तर? कुठलंही इंजिन थांबू शकतं, म्हणून प्रत्येक वैमानिक इंजिनाशिवाय उतरायचा सराव करतो, मीही करतो. पण थांबण्याची कारणं बहुतेक इंजिनाबाहेर असतात आणि ती जमिनीवरच शोधता येतात. कळंब, परंडा, तुळजापूरच्या आयटीआयमध्ये आज इंजिन खोलणाऱ्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे : हेड खोलण्याआधी पाणी, तेल आणि लाइन बघायची सवय लावून घ्या. विमानाच्या इंजिनालाही तीच सवय लागते, आणि ती तुम्हाला तुमच्या गावातल्या दुकानात फुकट शिकायला मिळते.