पूर्णेतला खरपा

बँकेच्या बदलीने मी 1994 साली वसईहून नांदुऱ्याला आलो आणि पुढे येथेच राहण्याचे ठरवले. बाबांना ते रुचले नाही. केळीची बाग कोण पाहणार, या एका प्रश्नावर आमचा पत्रव्यवहार थांबला. 1996 च्या मे महिन्यात ते अचानक दारात उभे राहिले. पिशवीत बागेचे कागद होते.

विहिरीच्या पाण्याचा पहिला घोट घेताच ते थबकले. “मचूळ आहे रे!” हा खारपाणपट्टा, पूर्णेच्या खोऱ्यातले भूजलच खारट. समुद्रापासून इतक्या दूर ही चव लागावी, याचे त्यांना नवल वाटले. मला वाटते, थोडे बरेही वाटले असावे.

संध्याकाळी आम्ही येरळीच्या पुलाखाली गेलो. नदी आटून डोह उरले होते. बाबा काठाशी उकिडवे बसले. मला नुसती वाळू दिसत होती. त्यांना मासा दिसला. “अंग शोधू नकोस, डोळे शोध,” ते म्हणाले. मग मलाही ते डोक्याच्या माथ्यावरचे दोन डोळे दिसले. वीतभरही नसलेला, वाळूच्याच रंगाचा, कुशीवर काळपट डाग असलेला खरपा! पोटाखालचे पर जुळून झालेल्या बशीवर टेकून तो निश्चल बसला होता. एक पिल्लू जवळून गेले. वाळूचा ढग उठला, पिल्लू नाहीसे झाले आणि खरपा पुन्हा वाळू होऊन बसला.

ओहोटीला खडकांतल्या डबक्यात ज्यांच्यासाठी मी लहानपणी बोटे खरचटून घेई, त्या गोबी माशांचाच हा भाऊबंद. आपली निवटीही त्याच गोतातली. कपारीत चिकटवलेल्या अंड्यांची राखण यांच्यात बहुधा नर करतो, हे तेव्हा बाबांनीच मला दाखवले होते.

“हे पाणी जाते कुठे?”

“चांगदेवला तापीत, आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्रात.” (बुलढाण्याच्या घाटमाथ्यावरचा पाऊस मात्र दोन समुद्रांत वाटला जातो, पैनगंगेचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते.)

“म्हणजे आपल्याच समुद्रात! मग हा तेथूनच वर आला असेल.”

मध्ये उकाई आणि हतनूरची धरणे आहेत, मी सांगितले. शिवाय खरपा खाडीत राहतो तसा गोड्या पाण्यातही राहतो. हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली आहे.

“म्हणजे इथलाच म्हणायचा,” बाबा म्हणाले आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

रात्री जेवणानंतर कागदांची पिशवी खुंटीवरच राहिली. दिवा मालवल्यावर अंधारातून त्यांचा आवाज आला,

“त्या डोहात पावसापर्यंत पाणी टिकते ना रे?”