कपिला गाय, उंटाचं रक्त

तांबड्या रक्तपेशीची व्याख्या करायला बसलं की शाळेतलं वाक्य आधी पुढे येतं: केंद्रक नसलेली, प्राणवायू वाहून नेणारी रक्तपेशी. माणसापुरतं ते खरं. पण कोंबडी, बेडूक, मासे यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं. व्याख्या अशी कुठे चुकते हे दाखवायला, सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या 'दीपिका' या न्यायशास्त्रावरच्या टीकेत गाईचं उदाहरण आहे. 'कपिल वर्ण' हे तिचं लक्षण केलं, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'शिंगं असणं' म्हटलं, तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. पेशींचं वर्गीकरण करताना हे दोन्ही दोष मला सतत भेटतात. शाळेतल्या वाक्यातून कोंबडी बाहेर राहते; उलट नुसतं 'केंद्रक नसलेली' म्हणा, की प्लेटलेट आत शिरलीच.

'सेल ऑन्टॉलॉजी' या पेशीप्रकारांच्या संगणकीय वर्गीकरणात यावर काढलेली वाट मला फार आवडते. तांबड्या पेशीच्या मूळ नोंदीवर केंद्रकाची अटच नाही. तिच्याखाली केंद्रक असलेल्या आणि नसलेल्या पेशींचे वेगळे उपवर्ग आहेत. वर लिहाल ते खालच्या प्रत्येकाला लागू होतं, म्हणून वर हात राखून लिहायचं. आकाराचंही तेच. दोन्ही बाजूंनी खोलगट चकती हे सगळ्या सस्तन प्राण्यांचं लक्षण म्हणावं, तर उंटाच्या पेशी लंबगोल!

अशा वर्गीकरणांवर काम करणारे आम्ही व्याख्या दोनदा लिहितो: माणसांसाठी वाक्यात, यंत्रासाठी 'आउल' या तर्कभाषेत. मूळ वर्गावर कुणी 'केंद्रक नाही' असं सूत्र घातलं, तर केंद्रक असलेल्या उपवर्गात एकही पेशी असू शकत नाही, हे रीझनर, म्हणजे सूत्रांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम, लगेच दाखवतो. पण तो उपवर्ग अजून कुणी नोंदवलाच नसेल, तर रीझनर गप्प. कोंबडी त्याला ठाऊकच नाही. ती आठवणं माणसाचं काम, आणि माझ्या मते तपासणीचा सगळा जीव त्यातच आहे. वाक्य तर रीझनरला कळतही नाही. वाक्य एक सांगतंय आणि सूत्र दुसरंच, असं वर्षानुवर्षं चालू राहू शकतं. म्हणून मी दोन्ही शेजारी ठेवून मोठ्याने वाचते, आणि पक्ष्यांवर, माशांवर काम करणाऱ्यांना दाखवते.

'सामान्यतः' हा शब्द मी व्याख्येत राहू देत नाही. तो टिपणीत जातो. समोरची पेशी या वर्गात बसते की नाही, हे संशोधकाला ठरवता आलं पाहिजे. आणि दुरुस्ती करताना अर्थच बदलला, तर त्या वर्गाचा जुना क्रमांक बाद करून नवा द्यायचा. जुन्यावर विसंबून कुठल्यातरी प्रयोगशाळेत कुणीतरी आधीच नोंदी करून ठेवलेल्या असतात.