कुत्री पांढरी, कान लाल

मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनातून दक्षिण वेल्सला जाणारी एक गाडी सुटते. क्रू, श्रूझबरी, हेरेफर्ड, कार्डिफ, स्वान्झी करत पार समुद्राच्या टोकाला, मिलफर्ड हेवनला जाऊन थांबते. डब्यात घोषणा वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होतात. वेल्श बाई बोलायला लागली की माझ्यासारखे परके आणि इथले जन्मजात इंग्रज सारखेच मख्ख चेहऱ्याने खिडकीबाहेर बघतात. या गाडीने व्हिटलंडला उतरायचं आणि पेम्ब्रोक डॉकची गाडी धरायची. पुढचंच स्टेशन नार्बर्थ. वेल्श नाव आर्बर्थ. 'माबिनोगी' नावाच्या चार मध्ययुगीन वेल्श कथांपैकी पहिली या गावात सुरू होते आणि पहिल्या दोनतीन पानांतच तिचा नायक पाताळात पोचतो. म्हणजे पिकॅडिलीहून पाताळापर्यंत एकदाच गाडी बदलावी लागते. माझ्या माहेरी जायला याहून जास्त बदलाव्या लागतात.

प्विल हा डवेदचा राजा. सात परगण्यांचा धनी. एकदा त्याच्या मनाने घेतलं की शिकारीला जावं, आणि तो ग्लिन कुखच्या दरीत गेला. ही दरी आजही आहे. तिच्यातली नदी पेम्ब्रोकशरच्या हद्दीवरून वाहत टैवीला मिळते. उजाडता उजाडता त्याने कुत्री सोडली, शिंग फुंकलं, आणि कुत्र्यांमागे धावता धावता सोबती कुठे मागे पडले ते त्याला कळलं नाही. आपल्या कुत्र्यांचा आवाज कानात असतानाच समोरून दुसऱ्या एका कळपाचा आवाज आला. रानातल्या मोकळ्या जागेत शिंगांचं मोठं हरीण धावत आलं, आणि त्या परक्या कुत्र्यांनी ते त्याच्या डोळ्यांदेखत पाडलं. कुत्री पांढरीशुभ्र, अंगावर चकाकी, आणि कान लाल. असा रंग त्याने आजवर कुठल्या कुत्र्याचा पाहिला नव्हता. पाहिलं, नवल वाटलं, आणि तरी त्याने ती कुत्री हुसकून लावली आणि पडलेल्या हरणावर आपली घातली.

सगळी गोष्ट या एका कृतीतून निघते. रामाला सुवर्णमृगाने नेलं, दुष्यंताला हरणाने कण्वाच्या आश्रमात नेलं. दोघेही जनावराच्या मागे गेले. प्विलला हरणाने कुठेच नेलं नाही. त्याने दुसऱ्याची शिकार आपली म्हटली, एवढंच. आणि तेही अशा वेळी, की खुणा उघड्या समोर होत्या. पांढरं अंग आणि लाल कान ही जुन्या केल्टिक कथांमध्ये परलोकाची निशाणी. जुन्या वेल्श कायद्यातसुद्धा डिनेवरच्या राजाचा अपमान केला तर भरपाई म्हणून लाल कानांची पांढरी गुरं द्यावी लागत, एकामागे एक उभी केली तर आर्गोएलपासून राजवाड्यापर्यंत रांग पुरेल इतकी. हा रंग कुणाचा, हे डवेदच्या राजाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. मोह झाला की माणूस ओळखीच्या खुणाही ओळखत नाही, इतकं ते साधं असावं.

हरीण म्हणजे काय चीज असते हे मला इथे आल्यावर कळलं. मँचेस्टरहून अर्ध्या तासावर डिझलीला लाइम पार्क आहे. लेघ घराण्याचं शिकारीचं रान. 1946 साली त्यांनी ते नॅशनल ट्रस्टला दिलं. बहुतेक लोक तिथे तळं बघायला येतात, कारण बीबीसीच्या 1995 च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये ओल्या सदऱ्यातला डार्सी तिथे दिसला होता. माझ्याबरोबरच्या मैत्रिणीही त्यासाठीच आल्या होत्या. ऑक्टोबर होता, माजाचे दिवस. चढावर नेचे तांबूस होऊन वाळले होते, आणि त्यांतून एक नर बाहेर आला. शिंगांत वाळक्या नेच्याचा झुपका अडकलेला, मानेवरचे केस चिखलाने चिकटलेले, आणि अंगाचा वास वाऱ्यावर आमच्यापर्यंत येत होता, बोकडासारखा पण त्याहून उग्र. त्याने मान वर केली आणि जो आवाज काढला तो हरणाचा आहे यावर विश्वास बसेना. तोंडातून वाफ निघाली. कुणीच फोन काढला नाही. असं जनावर डोळ्यांसमोर पडलं की हात पुढे का होतो, हे मी शाकाहारी घरातली असूनही मला त्या क्षणी समजलं.

तर तेवढ्यात करड्या घोड्यावरून, गळ्यात शिंग अडकवून, कुत्र्यांचा मालक आला. तू कोण आहेस ते मला ठाऊक आहे, पण मी तुला रामराम करणार नाही, म्हणाला. तो आराउन, आनूनचा राजा. आनून म्हणजे यमपुरी नव्हे. आपल्या नागलोकासारखं, खाली किंवा पलीकडे असलेलं, इथल्यापेक्षा श्रीमंत राज्य. रेशीम, सोनं, उत्तम जेवण, उत्तम बोलणं. प्विलने भरपाई काय म्हणून विचारलं, आणि आराउनने सौदा सांगितला: एक वर्ष आपण जागा बदलू. तुझ्यावर माझं रूप चढवतो, माझ्यावर तुझं. तू माझ्या गादीवर बस, वर्षाअखेर नदीच्या उतारावर माझा वैरी हावगान येईल, त्याला एकच घाव घाल. दुसरा मागेल, घालू नकोस. दुसरा घातला की तो पुन्हा उठतो.

एक घाव घालून थांबणं हे वीराला अवघड, आणि प्विल थांबला. पण कथा सांगणाऱ्याचा जीव त्या लढाईत नाही. ती चार ओळींत उरकते. त्याचा जीव आहे बिछान्यात. आराउनने सांगितलं होतं, माझी राणी रोज रात्री तुझ्याजवळ असेल. त्या राज्यात तिच्याइतकी सुंदर बाई नव्हती, आणि तिच्या दृष्टीने हा तिचाच नवरा. पहिल्या रात्री दोघं निजायला गेले, आणि प्विलने तिच्याकडे पाठ केली, तोंड पलंगाच्या कडेला केलं, आणि सकाळपर्यंत एक शब्द बोलला नाही. दिवसा तिच्याशी गोड बोलायचा, हसायचा. रात्री पाठ. वर्षभर एकही रात्र याहून वेगळी गेली नाही.

प्विलच्या या संयमाचं कौतुक सगळे करतात. मला दर वेळी त्या राणीचं वाईट वाटतं. तिला कथेत नावसुद्धा नाही. दोन राजांनी आपसात सौदा केला, त्याची किंमत हिने मोजली. आपलं काय चुकलं, हे तिने किती रात्री मनात उगाळलं असेल? आराउन परत आला, बिछान्यात तिच्याशी बोलू लागला, तर ती गप्प. त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. शेवटी म्हणाली की वर्षभरात या जागी आपण इतकंही बोललो नाही. तेव्हा आराउनला आपल्या मित्राची खरी पत कळली, आणि त्याने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मित्र चांगला मिळाला तुम्हाला, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. मोठ्या मनाची बाई.

आपल्याकडे असा शिकारी शोधायला गेलं तर जेजुरीचा खंडोबा आठवतो. तोही शिकारीच्या वाटेवर परक्या जगात शिरला, तोही रूप बदलून राहिला, चंदनपुरीला धनगराच्या वाड्यात चाकर होऊन मेंढ्या राखल्या. पण पाठ करून निजणं हे मल्हारी मार्तंडाच्या स्वभावात नाही. तो बाणाईला घेऊनच परतला, आणि म्हाळसा-बाणाईचं भांडण आमच्या वाघ्या-मुरळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या पुरलं. बाणाईचं देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर आहे; वर म्हाळसा. वेल्श कथाकाराने खंडोबाची गोष्ट ऐकली असती तर त्याला धक्का बसला असता, आणि जेजुरीच्या मुरळीने प्विलची ऐकली असती तर ती हसली असती.

'माबिनोगी' आपल्यापर्यंत पोचली ती दोन हस्तलिखितांमुळे. 1350 च्या सुमाराचं 'व्हाइट बुक' ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि त्यानंतर काही दशकांनी लिहिलेलं 'रेड बुक' ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजचं. इंग्रजीत ती आणली लेडी शार्लट गेस्टने, 1838 पासून. ही लिंकनशरच्या सरदाराची मुलगी, 1833 साली वेल्समधल्या डाउलिसच्या लोखंडी कारखान्याच्या मालकाला दिलेली. सासरी येऊन तिने वेल्श शिकून घेतली, दहा मुलं वाढवली, पोथ्या भाषांतरित केल्या, आणि नवरा गेल्यावर काही काळ कारखानाही चालवला. परमुलखात येऊन तिथल्या भाषेत इतकं खोल शिरणारी सून विरळाच. माझ्या ओळखीत तरी नाही, मी धरून.

आनूनची कुत्री पुढच्या लोककथांत एकटी हिंडू लागली. वेल्समध्ये म्हणत की त्यांचा आवाज जितका लांबून तितका मोठा, आणि जवळ आली की बारीक होतो. तेव्हा बारीक आवाजाला घाबरायचं. इकडे लँकेशरमध्ये त्यांचीच जातभाई, गेब्रिएलची कुत्री, रात्री आभाळातून भुंकत जातात असं लोक मानत. नोव्हेंबरात एकदा रात्री कागद-पुठ्ठ्याचा निळा डबा फाटकाबाहेर ठेवायला गेले तेव्हा मी तो आवाज ऐकला. छपरांवरून, अंधारातून, लांब कुठेतरी पन्नासेक कुत्री एकदम केकाटावीत तसा. शेजारचे आजोबा त्यांचा डबा ढकलत होते. ते न बघताच म्हणाले, हंस. आइसलँड-ग्रीनलँडहून येणारे गुलाबी पायांचे रानहंस लँकेशर आणि नॉर्फोकच्या शेतांमध्ये हिवाळाभर येजा करतात, आणि मँचेस्टर त्यांच्या वाटेत लागतं. कारण कळलं तरी मी जरा लगबगीनेच घरात आले.

त्या रात्री आभाळ उघडं होतं, जे इथे सहसा नसतं. महाशिवरात्रीच्या कथेतला आपला व्याध, हरणांना घरी जाऊन यायची मुभा देणारा आणि ती शब्दाला जागून परत आल्यावर बाण खाली ठेवणारा, आकाशात मृगाच्या मागे अजून आहेच. पुण्यात तो मध्यावर आला की क्षितिजापासून जवळजवळ पंचावन्न अंश वर चढतो. मँचेस्टरात वीस. उत्तरेकडे आलं की आपला शिकारी खाली येतो आणि समोरच्यांच्या धुराड्याला टेकतो.

पलीकडच्या जगात गेलेले सगळेच प्विलसारखे सुखरूप परतत नाहीत. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीच्या दरबारातल्या वॉल्टर मॅपने हर्ला राजाची गोष्ट लिहून ठेवली आहे. हर्ला ब्रिटन लोकांचा राजा. बकऱ्याच्या खुरांच्या एका ठेंगू राजाच्या लग्नाला तो गेला, तीन दिवस राहिला, निघताना आहेरात एक छोटं शिकारी कुत्रं मिळालं: हे खाली उडी मारेपर्यंत कुणी घोड्यावरून उतरू नका. बाहेर येऊन त्याने एका मेंढपाळाला आपल्या राणीची खबर विचारली. मेंढपाळाला त्याची भाषा जेमतेम समजली. त्या नावाची राणी जुन्या काळी होऊन गेली म्हणतात, म्हणाला. हा मुलूख आता आम्हा सॅक्सनांचा. दोनशे वर्षं उलटली होती. जे उतरले त्यांची माती झाली, बाकीचे हिंडत राहिले. कुत्रं अजून उतरलेलं नाही. मॅप म्हणतो, ही स्वारी शेवटची दिसली ती हेन्रीच्या राज्याच्या पहिल्या वर्षी, हेरेफर्डजवळ वाय नदीत बुडताना. मिलफर्ड हेवनची गाडी हेरेफर्ड सोडते आणि लगेच वाय ओलांडते. डब्यात सहसा कुणी मान वर करत नाही.

परदेशी राहणाऱ्या आम्हा लोकांना हर्लाची गोष्ट लगेच पटते. वर्षाच्या करारावर आलो, कुत्रं मांडीवरून उतरेचना, आणि गावी गेलं की रिक्षावाला आपल्या मराठीवर हसतो. ही गोष्ट आम्ही एकमेकांना फार सांगतो, जरा लाडाने. प्विलची कुणी सांगत नाही, कारण तिच्यात एक अडचणीचा प्रश्न आहे. वर्षभर आनूनमध्ये प्विलने काय केलं ते आपण पाहिलं. त्या वर्षात डवेदच्या गादीवर प्विलचा चेहरा लावून कोण बसलं होतं? परत आल्यावर प्विलने आपल्या सरदारांना बोलावून विचारलं की हे वर्ष माझा कारभार कसा झाला, आधीच्या मानाने? ते म्हणाले, महाराज, इतके समजूतदार, इतके दिलदार, इतके न्यायी तुम्ही कधीच नव्हता. हे ऐकून त्याने गप्प बसून श्रेय घेतलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. त्याने खरं सांगितलं. तो मी नव्हतो. सरदार म्हणाले, मग हा कारभार आता आमच्यापासून काढून घेऊ नका. आणि त्याने घेतला नाही.

माझ्या माहेरी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं, बाबांचा पेन्शनचा दाखला, गौरीच्या दिवशी सोळा भाज्यांची जमवाजमव, हे सगळं वहिनी करते. आई फोनवर अधूनमधून तिला माझ्या नावाने हाक मारते आणि वहिनी ओ देते. गेल्या खेपेला मी धीर करून विचारलं, मी असताना घर कसं होतं आणि आता कसं आहे?

"बाबांच्या गोळ्यांना वारांची डबी आणली, ताई," वहिनी म्हणाली. "आधी सगळ्या एका बरणीत होत्या."

पुढे तिने आणखी बरंच सांगितलं. यादीच होती तिच्याकडे.

प्विलची गोष्ट इथेही संपत नाही. पुढे एकदा तो आर्बर्थच्या टेकाडावर बसला असताना खालच्या रस्त्याने सोनेरी वस्त्रातली एक बाई घोड्यावरून गेली, रमतगमत. माणसं मागे धाडली, तिला गाठता आलं नाही. दुसऱ्या दिवशी वेगवान घोडा दिला, नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतः निघाला, घोडा फेसाळला, अंतर तेवढंच. अखेर त्याने हाक मारून थांबायची विनंती केली. ती लगेच थांबली. रिआनन तिचं नाव, पुढे त्याची राणी झाली. आनंदाने थांबते, म्हणाली, पण हे मघाशीच विचारलं असतंत तर घोड्याचे हाल वाचले असते. वर्षभर बायकोसारख्या बाईशेजारी मुकाट निजलेल्या माणसाला तीन दिवस तोंड उघडायचं सुचलं नाही, यात मला तरी नवल वाटत नाही. सवय लागली होती बिचाऱ्याला.